गोडो ४ : आडतीवरच्या मुनिमाने वापरून पाहिलेले गेम इंजिन

लातूरच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानावर मी गेली नऊ वर्षे हिशेब लिहितो. संगणकशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. हमाली, तोलाई आणि बारदाना वजा करून शेतकऱ्याची पट्टी काढण्यासाठी एक्सेलमध्ये सूत्रे लिहिता लिहिता 'इफ' या शब्दाची गोडी लागली आणि तिथून रात्री जागून पायथन शिकलो. मधल्या काळात एका खासगी क्लासची फीही भरून पाहिली, परंतु तिथे तीन महिने प्रोग्रॅम वहीतच उतरवून घेत असल्याने तो विषय तिथेच सोडला. गोडो हे गेम इंजिन, म्हणजे गेम तयार करण्याचे सॉफ्टवेअर, मी दोन वर्षांपासून वापरत आहे.

हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्झुर या अर्जेंटिनातल्या दोघांनी घडवलेल्या या इंजिनाचा सोर्स कोड २०१४ साली एमआयटी परवान्याखाली खुला झाला. म्हणजे इंजिन फुकट, आणि त्यावर केलेला गेम विकला तरी कोणाला हिस्सा द्यावा लागत नाही. डाउनलोड शंभर एमबीच्या आत आहे आणि ते इन्स्टॉलही करावे लागत नाही. झिप उघडली की एकच फाइल चालवायची. दुकानातला संगणक माझा नसल्याने हे इंजिन मी पेन ड्राइव्हवर ठेवून दुपारच्या सुट्टीत वापरत आलो, ही सोय माझ्यासारख्याला पदवीइतकीच मोलाची वाटते. जुन्या लॅपटॉपवर मात्र नवा प्रोजेक्ट उघडताना 'कंपॅटिबिलिटी' हा पर्याय निवडावा, कारण तो ओपनजीएल या जुन्या चित्रण-पद्धतीवर चालतो आणि जुन्या ग्राफिक्सलाही झेपतो.

गोडोमध्ये सगळा गेम नोड (नायक, भिंत, आवाज असे सुटे घटक) आणि सीन (नोड जुळवून केलेला संच) यांचा असतो आणि नोड एकमेकांशी 'सिग्नल'ने बोलतात. ही कल्पना मला व्हिडिओ पाहून कळली नव्हती, ती सौद्याच्या वेळी काट्याजवळ उभे असताना कळली. मापाडी वजन पुकारतो. ते ऐकून मी वहीत आकडा मांडतो आणि हमाल पोते उचलतो, पण कोण ऐकते आहे याच्याशी मापाड्याला काही देणेघेणे नसते, आणि उद्या माझ्या जागी दुसरा मुनीम आला तरी त्याचे पुकारणे बदलत नाही. सिग्नल नेमके हेच करतो. हे उमगल्यावर माझा निम्मा गुंतागुंतीचा कोड मी पुसून टाकला.

माझा गेम देवगिरीच्या अंधारीवर आहे. शाळेच्या सहलीत तो काळोखा, वळणावळणाचा भुयारी मार्ग पाहिला तेव्हापासून किल्ल्यांचे नकाशे काढण्याचा छंद जडला. त्याच वह्या आता उपयोगी पडल्या. 'कॅनव्हासमॉड्युलेट'ने सगळे दृश्य काळवंडायचे, नायकाच्या हातातल्या मशालीला 'पॉइंटलाइट' जोडून त्याची सावली चालू करायची आणि भिंतींना 'लाइटऑक्लुडर' लावायचा, की कोपऱ्यावर सावली आपोआप वळते. पहिल्यांदा ती वळली तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि मी घरातल्या सगळ्यांना उठवले, याबद्दल अजून बोलणी खातो.

स्वतः शिकणाऱ्याची खरी अडचण जुन्या धड्यांची आहे. मार्च २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत बरीच नावे बदलली: 'कायनेमॅटिकबॉडी'चे 'कॅरेक्टरबॉडी' झाले, 'यील्ड' जाऊन 'अवेट' आले. तिसऱ्या आवृत्तीचा व्हिडिओ पाहून कोड उतरवला की लाल ओळी दिसतात आणि नवख्याला वाटते की चूक आपलीच आहे. अधिकृत मार्गदर्शिका इंग्रजीत असली तरी तिच्यातला पहिला टूडी गेम ओळीओळीने करावा. मी तो टाळला आणि त्याचे फळही भोगले. माझा नायक 'डेल्टा'ने (दोन फ्रेममधल्या वेळेने) न गुणता दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक नव्या चित्राला, ठरावीक पिक्सेल सरकत होता. त्यामुळे माझ्या ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या) पडद्यावर बेताने चालणारा तो गडी भावाच्या १४४ हर्ट्झच्या लॅपटॉपवर मशालीसकट खंदकात धावत गेला.

मराठी मजकुराच्या बाबतीत चौथी आवृत्ती फार पुढे आहे. तिसरीत देवनागरी मोडत असे. वेलांटी अक्षराच्या मागे पडे आणि जोडाक्षरे सुटी होत. आता मुक्तासारखा मोफत फॉन्ट प्रोजेक्टमध्ये ठेवला की मजकूर नीट उमटतो. एक खोच मात्र राहते: संवाद एकेक अक्षराने उमटवताना 'रक्षक' हा शब्द आधी 'रक', मग 'रक्', मग 'रक्ष' असा अडखळत येतो. लेबलच्या, म्हणजे मजकूर दाखवणाऱ्या नोडच्या, गुणधर्मांत, आकार ठरल्यानंतर अक्षरे दाखवण्याचा पर्याय आहे. तो निवडल्यावर माझे काम भागले.

अँड्रॉइडवर गेम नेण्यासाठी जेडीके (जावाची साधने), एसडीके (अँड्रॉइडची साधने) आणि एक्सपोर्ट टेम्पलेट (गेम बांधून देणारे गोडोचे तयार साचे) लागतात. ही टेम्पलेट इंजिनाच्या कित्येक पटींनी मोठी असल्याने मोबाइल डेटावर उतरवायला बसू नये. माझी पहिली एपीके (फोनवर चढवायची गेमची फाइल) यार्डातल्या दोन हमालांच्या फोनवर चालली. त्यांपैकी एकाने पहिल्याच खेळीत दाखवून दिले की तिसऱ्या टप्प्यातली वटवाघळे भिंतीत अडकून बसतात, आणि सध्या माझ्या रात्री ती भिंतीतून सोडवण्यात जात आहेत.