सेंट ज्यूड, कॉटन ग्रीन: आमचे आठ महिने

मुलाला सहाव्या वर्षी ए.एल.एल. निघाला. रक्ताचा कॅन्सर. जळगावहून मुंबईला, परळच्या टाटा हॉस्पिटलला पाठवलं. आम्ही चाळीसगावकडचे, परळ कुठे हेसुद्धा माहीत नव्हतं. पहिले सतरा दिवस एका लॉजवर काढले. रोजचे सातशे रुपये, खोलीत गॅस चालणार नाही, पाच खोल्यांत मिळून एक संडास. त्यात पोराला स्टिरॉइड सुरू, त्यानं भूक फार लागते. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांना ती भूक सांगायला नको. पहाटे चारला उठायचा, "आई, भाकर दे." माझ्याजवळ बिस्किटाचा पुडा. शेवटी बाहेरचं आणून खाऊ घातलं. हगवण लागली, काउंट, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी, आधीच पडलेले, ताप चढला, ॲडमिट. केमो दहा दिवस पुढे गेली. शेजारच्या खोलीतलं कुटुंब तर पैसे संपले म्हणून मुलीला अर्ध्या उपचारातून घेऊन गावी गेलं. त्या आईचा चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही.

मग हॉस्पिटलच्या समाजसेवक मॅडमनी चिठ्ठी दिली आणि आम्ही कॉटन ग्रीनला सेंट ज्यूडमध्ये आलो. कॅन्सरच्या उपचारासाठी परगावाहून आलेल्या मुलांना आईबापांसह ठेवून घेणारी, श्यामा आणि निहाल कविरत्ने यांनी 2006 मध्ये मुंबईत सुरू केलेली ही संस्था. इथलं सेंटर पोर्ट ट्रस्टच्या जुन्या इमारतींमध्ये आहे. राहायचा एक पैसा घेत नाहीत. हॉस्पिटलला जायला-यायला गाडी. मुलांना शिकवायला, खेळवायला ताई येतात, आईबापांशी बोलायलाही माणसं आहेत.

पण मला सांगायचंय ते स्वयंपाकघराचं. खोली सगळ्यांची एकच, पण प्रत्येक घराला आपली शेगडी, आपलं कपाट. रेशन मिळतं. चपला बाहेर, हात साबणाने, पाणी उकळूनच, ओटा पुसल्याशिवाय हलायचं नाही. पहिल्या दिवशी मला राग आला, आम्हाला काय स्वच्छता कळत नाही का! चार दिवसांत कळलं की काउंट पडलेल्या लेकरांच्या घरात हे असंच लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परातीत ज्वारीचं पीठ मळलं. पहिली भाकरी तव्यावर टम्म फुगली. पोरगा मास्क लावून दारात उभा, डोक्यावर एक केस नाही. पिठल्याबरोबर अडीच भाकरी खाल्ल्या त्यानं. मी ओट्याकडे तोंड करून रडून घेतलं.

शेजारच्या शेगडीवर बंगालची एक बाई होती, तिच्या मुलीच्या डोळ्यात गाठ. तिला मराठी येत नव्हतं, मला बंगाली. रिपोर्ट आले की ती बोटांवर काउंट दाखवायची, मी माझे दाखवायचे. ज्याचे चढले त्याच्या घरचं त्या दिवशी दोघींच्या ताटात.

तिथे राहिल्यापासून पोटाच्या दुखण्यानं आमची एकही केमो चुकली नाही. आता गोळ्यांवर आहे, तपासणीपुरतं येतो.

परगावाहून मुलाला घेऊन येणार असाल तर लॉज शोधत बसू नका. सेंट ज्यूडला थेट जाऊन खोली मिळत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी फाइल झाली की समाजसेवकांना भेटा आणि राहण्याचं विचारा. रेल्वेच्या सवलतीचा फॉर्मही तेव्हाच भरून घ्या. स्लीपरला पेशंटचं तिकीट माफ होतं, सोबतच्याला 75 टक्के सूट मिळते. आणि भाकरी खाणारे असाल तर घरचा लोखंडी तवा बरोबर आणा.