25.25 मीटरची गाडी: डॉली की बी-डबल?

स्वीडनमध्ये या लांबीची जोडगाडी घ्यायची तर मुख्य पर्याय दोन. एक: हौद्याचा ट्रक, त्याच्या हुकाला डॉली (ट्रेलरच्या पुढच्या टोकाखाली लावायची चाकांची छोटी गाडी) आणि डॉलीवर 13.6 मीटरचा नेहमीचा सेमी-ट्रेलर, म्हणजे पुढची चाकं नसलेला ट्रेलर. दुसरा बी-डबल: घोडा (नुसता ओढणारा, हौदा नसलेला ट्रक), मागे 7.82 मीटर हौद्याचा लिंक ट्रेलर आणि त्याच्या शेपटाकडच्या फिफ्थ व्हीलवर (ट्रेलरचं पुढचं टोक टेकून अडकतं ती जाड तबकडी) तोच सेमी-ट्रेलर. युरो पॅलेट दोन्हींत पुढच्या हौद्यात 18 आणि सेमी-ट्रेलरवर 33, म्हणजे 51. एकट्या सेमी-ट्रेलरच्या तीन फेऱ्यांचं काम दोनात उरकतं. त्यामुळे या दोघांतली निवड डिझेलवर करण्यात अर्थ नाही.

खरा फरक जोडात आहे. डॉलीचा हुक ट्रकच्या मागच्या अ‍ॅक्सलच्याही बराच मागे असतो. 80 च्या वेगात झटकन लेन बदलली की ट्रकचा हिसका शेपटापर्यंत वाढत जातो. ड्रॉबार, म्हणजे डॉली हुकाला जोडणारा दांडा, कलही पुढे पोचवत नाही: ट्रेलरची एका बाजूची चाकं उचलली तरी ड्रायव्हरला सीटवर पत्ता लागत नाही. बी-डबलमध्ये फिफ्थ व्हील लिंकच्या अ‍ॅक्सलवरच असतं, त्यामुळे पुढचं धूड मागच्याला धरून ठेवतं.

ऑस्ट्रेलियाच्या मानकात पलटीची मर्यादा, म्हणजे गाडी उलटते तो आडवा जोर, किमान 0.35 जी (गुरुत्वाकर्षणाच्या 0.35 पट) लागते. 100 मीटर त्रिज्येच्या वळणावर 60 च्या वेगाला 0.28 जी होतो, 67 ला 0.35. हातात उरतात फक्त सात किलोमीटर! म्हणून उंच रचलेला माल किंवा टँकर असेल तर आमचं मत सरळ बी-डबलला.

पण चौकात हीच गाडी वळण जास्त आतून कापते, आणि लिंक ट्रेलर माल चढवायच्या धक्क्याला लावायचा तर सरकती बोगी (त्याच्या चाकांचा संच) आधी हौद्याखाली ढकलावी लागते. बोगीच्या रेलमध्ये रस्त्यावर बर्फासाठी टाकलेल्या मिठाचा चिखल साचला की तिची लॉकपिन हलत नाही. डॉलीवाल्याला ही कटकट नाही. ट्रेलर यार्डात सोडायचा, ट्रक घेऊन गावात जायचं.

डॉली घेतलीत तर जड माल ट्रकवर, हलका मागे. रिकामा ट्रक आणि भरलेला ट्रेलर ही सगळ्यात वाईट जोडी. ईबीएसची (इलेक्ट्रॉनिक ब्रेक यंत्रणेची) केबल दोन्ही जोडांवर लागली का ते रोज बघा. ती निघालेली असली तरी हवेवर ब्रेक लागतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही; पण मागचे ब्रेक उशिरा धरतात आणि ट्रेलरची पलटीरोधक यंत्रणा बंद पडते.

भारतात मोटार वाहन नियमांच्या 2020 च्या दुरुस्तीने निवडक मार्गांवर रोड ट्रेनला, म्हणजे अशा जोडगाड्यांना, हीच लांबी दिली आहे. इथे घेणाऱ्यांनी आधी टोलनाक्याची लेन आणि गोदामाचं फाटक टेप लावून मोजावं.