घुबड, चमकत्या पट्ट्या, यंत्र आणि कव्हर: उघड्यावर गाडी लावणाऱ्याचा काही महिन्यांचा अनुभव

आधी निकाल सांगतो, मग तपशील. पक्ष्यांनी गाडीवर बसू नये आणि शिटू नये म्हणून जे काही विकलं जातं, त्यातलं बरंचसं मी गेले काही महिने आळीपाळीनं वापरलं. टिकल्या दोनच गोष्टी: आरशावर चढवायची कापडी पिशवी आणि अर्धं कव्हर. प्लास्टिकचं घुबड, चमकत्या पट्ट्या, अल्ट्रासोनिक यंत्र हे सगळं बाद. आणि सर्वांत जास्त फरक पडला तो गाडी उभी करायची जागा थोडी सरकवल्यानं, ज्याला एक दमडीही लागत नाही.

माझी गाडी गडद रंगाची आहे आणि रात्रंदिवस उघड्यावर असते. डोक्यावरून केबल जाते, बाजूला मोठं झाड आहे. ज्यांच्याकडे बंद गॅरेज आहे त्यांनी पुढे वाचण्यात वेळ घालवू नये.

गाडीवर घाण होते ती दोन प्रकारे. हे एकदा ध्यानात आलं की बाजारातले निम्मे उपाय आपोआप गळतात. पहिल्या प्रकारात पक्षी तारेवर, फांदीवर किंवा दिव्याच्या खांबावर बसलेला असतो आणि त्याच्या खाली योगायोगानं आपली गाडी असते. त्याला गाडीशी काही देणंघेणं नसतं. दुसऱ्या प्रकारात तो गाडीवरच येऊन बसतो. कुठला प्रकार हे डागावरून कळतं. टपावर किंवा बॉनेटवर पसरट, कडेनं शिंतोडे उडालेला डाग असेल तर शीट उंचावरून पडलेली असते. आरशाच्या खाली दारावर ओघळ असेल, किंवा टपाच्या कडेपासून काचेवर रेघ आली असेल, तर पाहुणा गाडीवर बसून गेलेला असतो. माझ्याकडे दोन्ही होतं, पण टपावरचं कितीतरी जास्त. गंमत अशी की विकत मिळणारी जवळपास सगळी साधनं दुसऱ्या प्रकारासाठी असतात. डॅशबोर्डवर घुबड ठेवलं म्हणून वर तारेवर बसलेल्या कबुतराला काय फरक पडणार?

म्हणून मी जमिनीकडे बघायला लागलो. पार्किंगच्या फरशीवरचे पांढरे ठिपके म्हणजे पक्ष्यांच्या बैठकीचा नकाशाच असतो. बसायच्या जागा ठरलेल्या असतात, विशेषतः थव्यानं मुक्कामाला येणाऱ्यांच्या. साळुंक्या आणि कावळे संध्याकाळी त्याच त्या झाडांवर जमतात, आधी खूप गोंगाट घालतात, मग रात्रभर तिथेच बसतात. त्यामुळे दिवसा सावलीसाठी ज्या झाडाखाली गाडी लावून काही बिघडत नाही, त्याच झाडाखाली रात्री लावली तर सकाळी टप ओळखू येत नाही. मी गाडी केबलच्या रेषेतून साधारण गाडीच्याच रुंदीइतकी बाजूला घेतली आणि टपावरचे डाग तेवढ्यानंच एकदम रोडावले. वारा असला की शीट सरळ खाली येत नाही, म्हणून ठिपक्यांच्या पट्ट्याला अगदी खेटून न लावता थोडी जास्त जागा सोडलेली बरी. दिव्याच्या आडव्या दांड्याखालची जागा रिकामी दिसली तरी घेऊ नये. ती रिकामी का आहे हे जुन्या मंडळींना माहीत असतं.

झाडाला फळं धरली की हा सगळा हिशेब बदलतो. तुती किंवा वड-उंबरासारख्या झाडावर फळं पिकली की एरवी तिकडे न फिरकणारे पक्षीही येतात. शिटीत फळाचा रंग आणि बिया उतरतात, आणि जांभळा डाग पांढऱ्यापेक्षा चिवट असतो. तेवढे आठवडे गाडी सरळ दुसरीकडे लावायची. आणि पार्किंगला लागूनच कुणी कबुतरांना दाणे टाकत असेल, तर बाकी कशावरही पैसे घालण्याआधी त्या माणसाशी गोड बोलून जागा बदलून घ्या.

आता आरसा. या सगळ्या खटाटोपातला हा भाग मला सर्वांत रंजक वाटला. लहान पक्षी विणीच्या हंगामात आपापली हद्द राखतात. आरशात दिसणारं प्रतिबिंब म्हणजे हद्दीत घुसलेला दुसरा पक्षी, असं त्यांना वाटतं. मग चोची मारणं, पंख आपटणं, दमलं की आरशाच्या डोक्यावर बसणं, आणि पुन्हा वाकून बघितलं की शत्रू हजर. खरा प्रतिस्पर्धी असता तर दोघांपैकी एक कधीतरी पळाला असता. प्रतिबिंब पळत नाही, त्यामुळे भांडण तासन् तास चालतं आणि तेवढा वेळ दारावर ओघळ येत राहतात. असा पक्षी घुबडा-बिबडाला भीक घालत नाही. तो बसायला आलेलाच नसतो, लढायला आलेला असतो.

आरसे आत दुमडणं हा फुकटचा उपाय, पण माझ्या गाडीत दुमडल्यावरही काचेचा थोडा भाग फटीतून दिसतो आणि तेवढा पुरतो. शेवटी जाड सुती कापडाची, तोंडाला नाडी असलेली पिशवी चढवायला सुरुवात केली. प्रतिबिंब गेलं, भांडण मिटलं. जुना मोठा मोजाही चालतो. दोन सूचना: पिशवीचं कापड आतून मऊ असावं, आणि चढवण्याआधी आरशावरची धूळ झटकावी, नाहीतर वाऱ्यानं तीच धूळ घासत बसते. रंग भडक घ्यावा म्हणजे ती काढायची राहिली आहे हे गाडी सुरू करण्याआधी दिसतं. हंगाम सरला की पिशवीची गरज उरत नाही. आणि पिशवीनं त्या पक्ष्याचीही सुटका होते. घरट्यात पिलं असताना काचेशी झुंजण्यात दिवस घालवणं त्याला परवडणारं नसतं.

घुबडाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. सुरुवातीला पक्षी बिचकले, मग सरावले. जे हलत नाही, झडप घालत नाही, त्याला किती दिवस भ्यायचं? जागा रोज बदलली तर परिणाम जरा लांबतो, पण रोज घुबडाची बदली करत बसण्यापेक्षा रोज टप पुसणं सोपं. चमकत्या पट्ट्या आणि जुन्या सीडी यांना ऊन आणि वारा दोन्ही एकाच वेळी लागतात. ढगाळ, पडलेल्या हवेच्या दिवशी त्या नुसत्या लोंबतात. अँटेनाला बांधलेली सीडी वारा सुटला की रंगावर आपटते, म्हणजे शिटीऐवजी ओरखडे.

अल्ट्रासोनिक यंत्रावर मात्र मला खरोखर राग आहे, कारण ते मुळातच फसवं आहे. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, आणि अल्ट्रासाउंड म्हणजे त्याच्या वरचा आवाज. बहुतेक पक्ष्यांचे कान १ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असतात आणि १० किलोहर्ट्झच्या आसपास त्यांचं ऐकणं संपत येतं. म्हणजे जो आवाज आपल्यालाच ऐकू येत नाही, तो कबुतराला ऐकू येण्याची शक्यता आपल्याहून कमी. माझं यंत्र दिवा लुकलुकवत चालू होतं आणि त्याच्यावर चिमणी पिसं साफ करत बसली होती. ससाण्याचा आवाज काढणारं यंत्रही मिळतं. ते पक्ष्यांना ऐकू येतं, पण शेजाऱ्यांनाही येतं, आणि सरावण्याचा मुद्दा तिथेही आहेच. पक्ष्यांनी बसू नये म्हणून पृष्ठभागावर लावायचं चिकट जेलही मिळतं, ते मी वापरलं नाही आणि वापरणारही नाही. गाडीवर तर ते लावायचं नसतंच, पण कठड्यावर लावलं तरी लहान पक्ष्यांचे पंख त्यात चिकटतात आणि काही दिवसांत त्यावर धुळीचा थर बसून ते निकामी होतं.

डाग पडल्यावर काय, हेही सांगायला हवं, कारण काहीही केलं तरी अधूनमधून पडतोच. पक्षी लघवी वेगळी करत नाहीत. शिटीतला पांढरा भाग म्हणजे युरिक आम्ल आणि त्याचे क्षार, गडद भाग म्हणजे विष्ठा. युरिक आम्ल पाण्यात फार कमी विरघळतं, म्हणून वाळलेला पांढरा थर नुसत्या पाण्याच्या फवाऱ्यानं हलत नाही. रंगाचं नुकसान आम्लानं होतं एवढंच आपण ऐकतो, पण उन्हाचाही त्यात वाटा आहे. गाडी तापली की वरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, किंचित मऊ होऊन फुगतो. गार होताना तो आकसतो आणि वर वाळलेल्या शिटीच्या खडबडीत पृष्ठभागाचा ठसा घेऊन कडक होतो. पुसल्यावरही जी मळकट सावली उरते ती हीच. हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. पॉलिश करून सावली काढता येते, पण दर वेळी थर थोडा झिजतो. म्हणून कडक उन्हात उद्यावर ढकलू नये.

माझी पद्धत साधी आहे. डिकीत पाण्याची स्प्रे बाटली, टिश्यू पेपर आणि दोन मायक्रोफायबरची फडकी असतात. टिश्यूची घडी भिजवून डागावर ठेवायची, पाचदहा मिनिटं जाऊ द्यायची, मग टिश्यूसकट वर उचलायचं. घासायचं नाही. शिटीत वाळूचे कण आणि बिया असतात आणि कोरडं घासलं की ते काचपेपरचं काम करतात. पुढच्या काचेवर पडलं तर वायपर मारायचा मोह आवरावा. भांडी घासायच्या साबणानं वॅक्सही निघून जातं, त्यापेक्षा गाडीचा शॅम्पू पाण्यात थेंबभर घालावा. वाळलेली कबुतराची शीट ब्रशनं कोरडी खरवडू नये, ती धूळ श्वासातून आत गेली तर बुरशीचे आजार होऊ शकतात. आधी भिजवायचं, हातात मोजे घालायचे.

वॅक्सचा उपयोग होतो, पण शीट पडू नये म्हणून नाही, तर पडलेली सहज निघावी म्हणून. सिरॅमिक कोटिंगचं, म्हणजे रंगावर चढवायच्या कडक संरक्षक थराचंही तेच. ‘आता शिटीची चिंता नको’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. कोटिंगवरही शीट उन्हात वाळत राहिली तर ठसा उमटतो, फक्त आपल्याला जरा जास्त वेळ मिळतो.

गाडीच्या रंगावरून लोक फार वाद घालतात. २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये हाफर्ड्स या मोटार-सामानाच्या कंपनीनं पाहणी केली होती. तिच्यात लाल गाड्या सर्वांत पुढे आणि हिरव्या सर्वांत मागे निघाल्या. कुठली गाडी कशाखाली उभी होती हे वेगळं न काढता रंगाला दोष देणं मला पटत नाही. गडद रंगावर पांढरा डाग जास्त दिसतो, एवढं मात्र रोजच्या अनुभवानं सांगतो.

उरलं कव्हर. आधी पूर्ण गाडीचं घेतलं. संरक्षण उत्तम, पण रोजच्या वापराला जिकिरीचं. गाडी बंद केल्यावर सायलेन्सर गार होईपर्यंत थांबावं लागतं, नाहीतर कापड चिकटतं. धुळकट गाडीवर कव्हर चढवलं आणि वारा सुटला की कापड रंगावर फडफडत राहतं, त्यानं बारीक गोल ओरखडे येतात. पूर्ण जलरोधक कापड आत दमट राहतं आणि वास धरतं. हवा खेळणारं घ्यावं, पाणी थोडं झिरपलं तरी चालेल. ज्यांची गाडी आठवडा आठवडा जागची हलत नाही त्यांना पूर्ण कव्हरच योग्य. मी रोज गाडी काढतो, म्हणून टप आणि काचा झाकणारं अर्धं कव्हर घेतलं. पट्टे दारांच्या फटीत अडकवायचे, दार लावायचं, झालं. बॉनेट उघडं राहतं, पण जागा बदलल्यापासून तिथे क्वचितच काही पडतं.

काढताना कव्हर दोन्ही कडांकडून मध्याकडे दुमडायचं, घाणीला घाण लागेल असं. तशीच गुंडाळी केली तर बाहेरची घाण आतल्या बाजूला येते आणि दुसऱ्या दिवशी ती आपणच टपावर पसरतो. दर काही आठवड्यांनी सौम्य साबणात धुऊन सावलीत वाळवतो. उन्हानं कापडाआधी शिवण जाते. माझ्या कव्हरच्या एका कोपऱ्यातला दोरा सुटला आहे, पट्ट्याचा इलॅस्टिकही सैल पडलाय. तरी पुन्हा याच प्रकारचं घेणार आहे. या वेळी दुहेरी शिवण बघेन, आणि पट्ट्याला धातूच्या कडीऐवजी प्लास्टिकचं बकल, कारण धातूची कडी रात्रभर दारावर टकटकत राहते.