कळा थोपवायचं औषध : आयसॉक्सुप्रीन, निफेडिपीन की अटोसिबान?

धाकट्या जावेला आठवा लागला होता, डॉक्टरांच्या हिशेबानं ३१ आठवडे, आणि कळा सुरू झाल्या. जतला आधी आयसॉक्सुप्रीनचं सलाईन लावलं. तासाभरात तिची छाती धडधडायला लागली. चहा हातात दिला तर कप बशीत खडखडत होता. ‘घाबरलीय पोर,’ असं सासूबाई म्हणत राहिल्या. औषधानं असं होतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

आयसॉक्सुप्रीन, टर्ब्युटॅलिन, रिटोड्रिन ही एकाच घराण्यातली औषधं. कळा मंदावतात, पण आईचं हृदय पळतं, हात कापतात, साखर चढते, क्वचित फुप्फुसात पाणी होतं. मधुमेह किंवा हृदयाचा आजार असेल, तर दुसरं काही देता येईल का, हे स्पष्ट विचारा. टर्ब्युटॅलिनचं इंजेक्शन ४८ ते ७२ तासांपुढे लांबवू नये, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०११ मध्येच दिला होता.

माझ्या मते खरी निवड उरलेल्या दोघांत आहे. निफेडिपीन ही मूळची बीपीची गोळी, स्वस्त, साध्या मेडिकलमध्ये मिळणारी. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये हिचीच शिफारस केली. तोंड लालबुंद होतं, डोकं ठणकतं, उठताना गरगरतं. म्हणून बीपी वारंवार बघावं लागतं. अटोसिबान शिरेतून देतात. थोडी मळमळ, डोकेदुखी सोडली तर आईला त्रास कमी, पण महाग. नेदरलँड्स-बेल्जियममधल्या अभ्यासात (२०१६) दोन्हींची समोरासमोर तुलना झाली. बाळांच्या तब्येतीत ठळक फरक दिसला नाही. तेव्हा आई धडधाकट असेल तर निफेडिपीन पुरे. जुळं असेल, हृदयाचा त्रास असेल किंवा बीपी मुळातच कमी असेल, तर अटोसिबानसाठी पैसे उभे करावेत.

औषध कुठलंही असो, मिळतात साधारण दोन दिवस. तेवढ्यात बाळाच्या फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोनची ६ मिलिग्रॅमची चार इंजेक्शनं बारा-बारा तासांनी पूर्ण व्हायला हवीत, आणि काचेच्या पेटीची सोय असेल तिथं आई पोटातल्या बाळासकट पोचायला हवी. तो वेळ गावातच काढला, तर आईनं सोसलेलं वाया गेलं. अंगावरून खूप रक्त जात असेल किंवा पाणी जाऊन ताप आला असेल, तर कळा थोपवतच नाहीत. दोन दिवसांनंतरही गोळ्या महिनाभर घ्यायला सांगितल्या, तर कशासाठी ते जरूर विचारा. तसं केल्यानं बाळाचं भलं होतं, असं सिद्ध झालेलं नाही.

जावेला आम्ही त्याच रात्री मिरजेला हलवलं. तिथं निफेडिपीन सुरू झाली. डोकं दुखायचं, तरी सकाळी तिनं कप न हिंदकळता चहा प्यायला. चौथं इंजेक्शन झालं आणि त्या रात्री बाळ आलं.