व्हिटॅमिन डी३: साधी कॅप्सूल घ्यावी की नॅनो शॉट?

डॉक्टर चिठ्ठीवर ‘डी३ ६०,०००’ लिहून देतात आणि रावपुऱ्यातल्या मेडिकलवर काउंटरवरचा मुलगा विचारतो, कॅप्सूल देऊ की शॉट? शॉट म्हणजे पाच मिलीची छोटी बाटली, बऱ्याचदा वर ‘नॅनो’ असं ठळक छापलेलं. किंमत कॅप्सूलपेक्षा जास्त. अलेम्बिक १९०७ सालापासून असलेल्या या बडोद्यात औषधांच्या कारखान्यात काम केलेलं माणूस जवळपास प्रत्येक मराठी घराच्या ओळखीत असतंच. आमच्या गोतावळ्यात ते माणूस मी. माझं काम स्टॅबिलिटीचं, म्हणजे औषध मुदत संपेपर्यंत टिकतं का हे तपासण्याचं, त्यामुळे हा प्रश्न फिरून माझ्याकडे येतो. उत्तर आधीच सांगते. पचन ठीक असेल तर कॅप्सूल घ्या, आणि जेवणानंतर घ्या. तेल-तूप पचतच नसेल तर शॉटचे जादा पैसे सार्थकी लागू शकतात. पण नॅनो आहे म्हणून ते आपोआप जास्त टिकतं, ही समजूत मनातून काढून टाका.

चिठ्ठीवरचे ते ६०,००० म्हणजे आययू, व्हिटॅमिनची मात्रा मोजायचं एकक, आणि त्यांचं वजन भरतं फक्त दीड मिलिग्रॅम. डी३ तेलात विरघळतं, पाण्यात नाही, आणि त्याच्या रेणूतले ओळीने असलेले दुहेरी बंध हवेतल्या ऑक्सिजनला, उजेडाला आणि उष्णतेला लवकर बळी पडतात. तेवढंसं औषध कारखान्यापासून आपल्या स्वयंपाकघरातल्या डब्यापर्यंत शाबूत ठेवायचं, एवढीच सगळी कसरत आहे.

कॅप्सूल ही कसरत अगदी साधेपणाने करते. डी३ तेलात विरघळवलेलं, त्यावर जिलेटिनचं मऊ कवच. कोरडं जिलेटिन ऑक्सिजनला चांगलं अडवतं, आत पाणी जवळपास नसतं, प्रत्येक डोस आपापल्या कप्प्यात बंद. एक कप्पा फोडला म्हणून बाकीच्यांना हवा लागत नाही. तिचा शत्रू आपला उन्हाळा. मे महिन्यात इथे पारा ४२ च्या वर जातो आणि उन्हात उभ्या स्कूटरची डिकी त्याहून तापते. तिथे तासभर राहिलेल्या पाकिटात कॅप्सूल मऊ पडून फॉइलला चिकटतात, एखादी पाझरते. अशी कॅप्सूल घेऊ नका. दुसरी अडचण शाकाहाराची. जिलेटिन प्राण्यांच्या हाडांपासून किंवा कातड्यापासून बनतं, त्यामुळे ज्यांना चालत नाही त्यांनी कवच कशाचं आहे हे विचारून घ्यावं. शॉटमध्ये कवच नसतं, पण डी३ स्वतः बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून काढलेलं असतं, हेही माहीत असू द्या. वनस्पतिजन्य हवं असेल तर दगडफुलासारख्या लायकेनपासून काढलेलं डी३ मिळतं.

आता शॉट. पाण्यात तेलाचे थेंब पसरवायचे आणि ते एकत्र येऊ नयेत म्हणून पॉलिसॉर्बेट किंवा लेसिथिनसारखा पदार्थ घालायचा, हे झालं इमल्शन. नॅनो इमल्शनमध्ये थेंब साधारण २० ते २०० नॅनोमीटरचे असतात; एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. थेंब लहान केल्याचा एक फायदा निर्विवाद आहे. तेल वर तरंगण्याचा वेग थेंबाच्या त्रिज्येच्या वर्गाप्रमाणे बदलतो. थेंब शंभरपट बारीक केला की वेग दहा हजारपट मंदावतो. होमोजिनाइज्ड दुधावर साय नीट धरत नाही, त्याचं कारण हेच. जुन्या पद्धतीच्या जाड थेंबांच्या सिरपात वरचा चमचा आणि तळचा चमचा यांत वेगवेगळी मात्रा येऊ शकायची, म्हणून ‘हलवून घ्या’ असं लिहिलेलं असायचं. चांगल्या नॅनो इमल्शनमध्ये ही भीती फार कमी.

पण हे टिकणं थेंबांचं झालं, व्हिटॅमिनचं नव्हे. इथेच जाहिरात आणि प्रयोगशाळा यांची फारकत होते. एक मिली तेलाचे १०० नॅनोमीटरचे थेंब केले की त्यांचा एकूण पृष्ठभाग सुमारे ६० चौरस मीटर होतो, म्हणजे जवळपास साडेसहाशे चौरस फूट. दहा मायक्रॉनचे, म्हणजे शंभरपट मोठे थेंब असते तर तो एक चौरस मीटरसुद्धा भरला नसता. पृष्ठभाग वाढला की पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनला आणि धातूंच्या अंशांना तेलाशी भिडायला तेवढीच जागा वाढते. पॉलिसॉर्बेटमध्ये मुळातच ऑक्सिडेशनला हातभार लावणारे थोडे पेरॉक्साइड असू शकतात, ते वेगळंच. म्हणून नीट बनवलेल्या शॉटमध्ये व्हिटॅमिन ई किंवा बीएचटीसारखा ऑक्सिडेशन रोखणारा पदार्थ लागतो, धातू बांधून ठेवणारं काहीतरी लागतं, बाटली उजेड अडवणारी लागते, आणि भरताना नायट्रोजन सोडून हवा हाकलली तर उत्तम. हे सगळं केलेलं असेल तर शॉट आमच्या टिकाऊपणाच्या चाचणीत, ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेच्या बंद कपाटात (चेंबरमध्ये), सहा महिने चांगला तग धरू शकतो. केलेलं नसेल तर थेंब दिसायला सुबक राहतात आणि आतलं डी३ मुकाट्याने घटत जातं. बारीक थेंब विरून मोठ्या थेंबांत मिळतात, हाही धोका असतो. लांब साखळीची तेलं पाण्यात जवळपास विरघळत नाहीत, त्यामुळे ती वापरली की हे बरंच आटोक्यात राहतं.

पोटात गेल्यावर काय होतं? आपल्या आतड्यात पित्तरस तेलाचे बारीक कण करतोच, म्हणून निरोगी माणसाने वरण-भातावर तूप घेऊन मागून कॅप्सूल घेतली की काम होतं. उपाशीपोटी, काळ्या चहाबरोबर घेतली तर शोषण कमी पडतं. पण स्वादुपिंडाचा जुना आजार, सीलिएक (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा आजार), पित्तनलिकेतला अडथळा किंवा वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर चरबी पचवण्याची ही यंत्रणाच लंगडी असते. तिथे आधीच बारीक करून दिलेले थेंब उपयोगी पडू शकतात. ज्या आजींना कॅप्सूल गिळवत नाही, त्यांच्यासाठीही मी शॉटच सुचवते.

सॅशेची पुडी दुधात ढवळून घेता येते आणि शॉटपेक्षा स्वस्त पडते. त्यात साखर असू शकते, मधुमेह असेल तर तेवढं बघा. तान्ह्या बाळाचे थेंब हा निराळा विषय, रोज ४०० आययूचा. एका मिलीत ४०० आययू असलेली बाटलीही मिळते आणि ८०० वालीही, म्हणून ड्रॉपर भरण्याआधी लेबल वाचा. ती बाटली रोज उघडली जाते, रोज हवा घेते. उघडल्यावर किती दिवस चालते हे खोक्यावर लिहिलेलं असेल तर तेवढेच दिवस वापरा.

शॉट घेताना बाटली पारदर्शक असेल तर दुकानातच ट्यूबलाइटसमोर तिरकी धरा. द्रव स्वच्छ किंवा किंचित दुधाळ, निळसर झाक असलेला, सगळीकडे सारखा दिसायला हवा. मानेजवळ तेलाचं कडं किंवा तळाला गाळ दिसला तर बदलून मागा. घरी बर्फाच्या कप्प्यात कधीच ठेवू नका. पाणी गोठताना थेंब एकमेकांत दाबले जातात, इमल्शन फुटतं आणि वितळल्यावर पूर्ववत होत नाही. लेबलवर औषध निर्मितीचा परवाना क्रमांक आहे की १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक, हेही पाहा. पहिलं औषध म्हणून बनलेलं असतं, दुसरं अन्नपूरक म्हणून. चिठ्ठीवरच्या ६०,००० साठी मी पहिलंच घेईन.

आणि काही घेतलं तरी, डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा म्हटलं असेल तर आठवड्यातून एकदाच. शॉट चवीला गोड लागतो, म्हणून घरात तो रोज घेतला जाण्याचा धोका जास्त. डी३ शरीरात साठून राहतं आणि जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं, मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी लघवी सुरू होते, मूत्रपिंडावर ताण येतो. कॅलेंडरवर वार लिहून ठेवा, मल्टिव्हिटॅमिन किंवा कॅल्शियमच्या गोळीतून वेगळं डी३ जातंय का ते डॉक्टरांना सांगा, आणि कोर्स झाल्यावर २५-हायड्रॉक्सीची, म्हणजे शरीरातलं व्हिटॅमिन डी मोजणारी, रक्ततपासणी कधी करायची हे त्याच भेटीत विचारून घ्या.