पहिला प्रोजेक्ट कुठे टाकायचा: ६० लाख, १० लाख की इंदूरचं मशीन?

नोकरी लागली. विभागप्रमुखांनी एक खोली उघडून दिली, त्यात दोन टेबलं, एक बिघडलेलं ओव्हन आणि कुणाच्या तरी जुन्या थिसिसचे गठ्ठे. "ही तुमची लॅब." आठवडाभरात नॅकच्या (कॉलेज-विद्यापीठांचं मूल्यांकन करणारी संस्था) क्रायटेरियन थ्रीची, म्हणजे संशोधनाच्या निकषाची, फाइल घेऊन कोणीतरी विचारायला येतंच, "सर, प्रोजेक्ट कुठे टाकताय?"

महाराष्ट्रातल्या राज्य विद्यापीठात किंवा अनुदानित कॉलेजात भौतिक, रसायन किंवा मटेरियल सायन्स शिकवणाऱ्या नव्या सहायक प्राध्यापकासाठी हे लिहितोय. मी स्वतः थिन फिल्मवाला, म्हणजे पदार्थांचे अतिपातळ थर बनवणारा. केंद्राचे ६० लाख, यूजीसीचे १० लाख, इंदूरची यंत्रं आणि विद्यापीठाचा स्वतःचा पैसा, या चारही वाटांनी थोडाफार गेलोय. रकमेवरून निवड करू नका, हे आधीच सांगतो. पैसा कोणत्या खात्यातून येतो आणि त्याच्यासोबत माणूस येतो की मशीन, ते पाहा.

सगळ्यांच्या तोंडी असलेली योजना एएनआरएफची, म्हणजे अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनची. संसदेने २०२३ मध्ये कायदा केला, ५ फेब्रुवारी २०२४ पासून तो लागू झाला आणि संशोधनाला निधी देणारी आपली जुनी 'सर्ब' त्यात विलीन झाली. तिथली प्राइम मिनिस्टर अर्ली करिअर रिसर्च ग्रँट म्हणजे तीन वर्षांसाठी ६० लाख, वर ओव्हरहेड (संस्थेचा वाटा). वयाची अट ४२, महिलांना आणि राखीव गटांना सवलत.

६० लाख ऐकून डोळे दिपतात, म्हणून जरा हिशेब मांडू. एक जेआरएफ (पीएच.डी. करणारा पगारी फेलो) घेतला तर २०२३ च्या सुधारित दराने पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि तिसऱ्या वर्षी एसआरएफ (सीनियर फेलो) झाला की ४२,०००. तीन वर्षांचे १३.९२ लाख, घरभाडे भत्ता वेगळा. उपकरणांवर जीएसटी १८ टक्के. जुलै २०२२ पर्यंत आपल्यासारख्या संस्थांना सर्टिफिकेट दाखवून ५ टक्क्यांत सुटता यायचं, ती सवलत गेली. म्हणजे २० लाखांचं यंत्र तेव्हा २१ लाखांना पडायचं, आज २३ लाख ६० हजारांना. जुन्या प्रपोजलवरून बजेट कॉपी करणारे इथेच फसतात. ६० लाखांतून जेआरएफचा पगार आणि हे यंत्र वजा केलं की साडेबावीस लाखांच्या आसपास उरतात. त्यात केमिकल्स, प्रवास, कन्टिन्जन्सी (किरकोळ खर्च) सगळं आलं. वाईट नाही, पण ही श्रीमंतीही नाही.

स्पर्धा मात्र आयआयटी आणि आयसरमधल्या नव्या लोकांशी. रिव्ह्यूअरचा पहिला प्रश्न ठरलेला: संस्थेत काय काय सुविधा आहे? बिघडलेलं ओव्हन तिथे लिहिता येत नाही.

दुसरी गोष्ट मार्च एंडची. हल्ली केंद्राच्या बऱ्याच योजनांचा पैसा विद्यापीठाच्या खात्यात येऊन पडत नाही. झीरो बॅलन्स खातं असतं, त्यावर खर्चाची लिमिट मिळते आणि न वापरलेली लिमिट ३१ मार्चला जाते. असल्याच एका प्रोजेक्टमध्ये माझी ट्यूब फर्नेस आली २८ मार्चला दुपारी. अजून लाकडी खोक्यातच होती. मी चलन घेऊन लेखा विभागात धावलो तर साहेब म्हणाले, "बिलं घेणं परवाच बंद झालं." पुढच्या वर्षाची लिमिट यायला कित्येक आठवडे गेले आणि तोवर सप्लायर रोज सकाळी साडेनऊला फोन करायचा. फर्नेस चालू करायची हिंमत होईना, कारण इन्स्टॉलेशन रिपोर्टवर सही केली तर पैसे कुठून देणार? तेव्हापासून माझा नियम: मोठी ऑर्डर ऑगस्टच्या आत.

यूजीसीच्या १० लाखांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. नव्याने रुजू झालेल्या प्राध्यापकांसाठी डॉ. डी. एस. कोठारी यांच्या नावाने २०२२ च्या शिक्षकदिनी जाहीर झालेली ही योजना, मुदत दोन वर्षं. यात जेआरएफ बसवायला गेलात तर दोन वर्षांच्या पगारातच ८.८८ लाख जातात. म्हणून हा प्रोजेक्ट माणसाशिवायचा समजा: तुम्ही आणि एम.एस्सी.ची मुलं. थिअरीवाल्याला किंवा कॉम्प्युटेशनवाल्याला उत्तम, एक चांगला वर्कस्टेशन येतो आणि डोक्याला ताप नाही. जाता जाता एक गंमत. प्राध्यापकांच्या नेमणूक-बढतीच्या, यूजीसीच्याच २०१८ च्या नियमावलीत पूर्ण झालेल्या प्रोजेक्टला '१० लाखांहून अधिक' असेल तर १० गुण आणि '१० लाखांहून कमी' असेल तर ५. बरोब्बर १० लाखांचं काय करायचं, ते तुमच्या आयक्यूएसीने (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाने) ठरवावं!

आता माझी आवडती वाट. अणुऊर्जा विभागाची मोठी यंत्रं विद्यापीठांना वापरू देणाऱ्या यूजीसी-डीएई कन्सॉर्शियमचं मुख्यालय इंदूरला, देवी अहिल्या विद्यापीठाच्या आवारात. मुंबई, कोलकाता आणि कल्पाक्कमलाही केंद्रं आहेत. मुंबई केंद्रातून भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या ध्रुव रिअॅक्टरवर न्यूट्रॉनचे प्रयोग करता येतात, तर इंदूरला लिक्विड हेलियमच्या तापमानाची मापनं आणि जवळच राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ सिंक्रोट्रॉन (तीव्र क्ष-किरण देणारं यंत्र). यांच्या कोलॅबोरेटिव्ह स्कीममध्ये रोख रक्कम किरकोळ, एखादा फेलो आणि थोडी कन्टिन्जन्सी. पण जे मशीन तुमच्या विद्यापीठाला पन्नास वर्षांत घेता येणार नाही, त्यावर तुमचं सॅम्पल चढतं. खानदेशातल्या माणसाला तर इंदूर पुण्यापेक्षा जवळ.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बारा फिल्म्स लेन्स पेपरमध्ये गुंडाळून औषधाच्या डब्यांत नेल्या होत्या. तीन वाटेतच तडकल्या, दोन बसवताना गेल्या. उरलेल्या सातांवर दोन रात्री डेटा घेतला. पहाटे चारला स्क्रीनवर ट्रान्झिशनचा, म्हणजे पदार्थाची अवस्था बदलल्याचा, तो वाक दिसला तेव्हा सोबतचा विद्यार्थी खुर्चीतच झोपलेला होता. त्या सात फिल्म्सवर दोन पेपर झाले, आणि पुढच्या मोठ्या प्रपोजलमध्ये 'प्रिलिमिनरी डेटा' म्हणून त्यातलाच ग्राफ गेला.

इथे अट अशी की तिथला एक शास्त्रज्ञ सहकारी म्हणून हवा. अणुऊर्जा विभागाचं निधी देणारं मंडळ म्हणजे बीआरएनएस, त्याच्या प्रोजेक्टलाही त्या विभागातला माणूस लागतोच. ओळख नसेल तर त्यांच्या वर्कशॉपला जा, पोस्टर लावा, चहाच्या रांगेत बोला. पेपरवर त्यांचं नाव येईल याचं वाईट वाटून घेणारे लोक मी पाहिलेत, त्यांच्या फिल्म्स कपाटातच आहेत.

विद्यापीठाच्या स्वतःच्या पैशाला पुण्याकडचे जुने प्राध्यापक अजून 'बीसीयूडीचा प्रोजेक्ट' म्हणतात, ते कॉलेज-विद्यापीठ विकास मंडळ २०१६ च्या कायद्याने गेलं तरी. जळगावला कुलगुरूंच्या नावाची व्हीसीआरएमएस आहे, इतरत्र दुसरी नावं. रक्कम बहुतेक ठिकाणी हजारांत नाहीतर लाख-दोन लाखांत. लोक हसतात. मी हसत नाही. केमिकल्स आणि बाहेरून करून घेतलेल्या एक्सआरडी, एसईएम या चाचण्यांची बिलं यातून निघतात, आणि कोटेशन, स्टॉक रजिस्टर, युटिलायझेशन सर्टिफिकेट हे सगळं लहान रकमेवर शिकून होतं. ६० लाखांवर पहिली चूक करण्यापेक्षा हे बरं.

मग निवड कशी करायची? प्रायोगिक काम असेल आणि वय हातात असेल तर पहिल्या वर्षी विद्यापीठाचा छोटा प्रोजेक्ट आणि इंदूर, दोन्ही एकदम टाका. एकमेकांच्या आड येत नाहीत. त्या डेटावर दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी ६० लाखांकडे जा. थिअरी असेल आणि यूजीसीची जाहिरात निघाली असेल तर तीच भरा.

कॉलेजात असाल तर एक गोष्ट सगळ्याच्या आधी: तुम्हाला पीएच.डी. मार्गदर्शक म्हणून मान्यता आहे का आणि कॉलेजात संशोधन केंद्र आहे का? नसेल तर जेआरएफ तुमच्याकडे नोंदणी करू शकत नाही, आणि नोंदणी होत नाही म्हटल्यावर चांगला मुलगा सहा महिन्यांत दुसरीकडे जातो. प्रोजेक्ट राहतो, करणारा राहत नाही. अशा वेळी माणूस मागणाऱ्या योजनेपेक्षा मशीन देणारी योजना धरा.

कोणतीही वाट घ्या, सबमिट करण्याआधी लेखा विभागात एक चक्कर मारा. या योजनेचं खातं आधीच उघडलंय का, त्यावर सही कोणाची लागते आणि मार्चची बिलं कोणत्या तारखेपर्यंत घेतात, हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून घ्या.

आणि वय चाळिशीपार असेल, तर वरचा सगळा क्रम सोडा आणि आधी ६० लाखांचं प्रपोजल लिहायला बसा. इंदूर पुढच्या वर्षीही तिथेच असेल.