दोन सुया की एक क्रोशा?

भाचेसुनेला सहावा महिना लागला आणि तिला विणायची हुक्की आली. "मामी, बाळंतविडा मीच करणार. सुया शिकू की क्रोशा?" मी विचारलं, "आधी सांग, दिवसातून किती वेळा उठावं लागतं तुला?" तिला वाटलं, मी तब्येतीचं विचारतेय.

मला विचारायचं होतं ते विणकामाचंच. हातातलं टाकून दर दहा मिनिटांनी उठावं लागणारी बाई आणि जेवणं आटपल्यावर तासभर एका जागी बसू शकणारी बाई, दोघींना एकच उत्तर देता येत नाही. दुकानात विचारलंत तर "काय विणायचंय?" असं विचारतील. तो प्रश्न नंतरचा.

क्रोशा म्हणजे टोकाला आकडा असलेली एकच सुई. तिच्यावर कुठल्याही क्षणी एकच जिवंत टाका असतो, म्हणजे सुई काढली तर सुटेल असा. कुकरची शिट्टी झाली, दारावर कुरियरवाला आला, तर तो टाका थोडा ओढून मोठा करायचा आणि उठायचं. परत येऊन दोरा खेचला की काम चालू. फार तर शेवटचे चार खांब, म्हणजे क्रोशाचे उभे टाके, उसवतील. दोन सुयांवर अख्खी ओळच्या ओळ जिवंत असते. मोठ्या स्वेटरच्या पाठीला शंभर-सव्वाशे टाके सुईवर टांगलेले असतात आणि रांगतं पोर नेमकं त्या चकाकत्या सुईकडेच येतं. माझ्या धाकट्यानं एकदा सुई उपसून थेट बाल्कनी गाठली होती. टाके परत उचलता उचलता रात्रीचे साडेअकरा वाजले. एखादाच टाका निसटला तर तो शिडीसारखा खालपर्यंत सुटत जातो, आणि गंमत म्हणजे तो वर आणायला क्रोशाचीच सुई लागते. म्हणून पुढेमागे दोन सुयाच घ्यायच्या ठरल्या, तरी एक क्रोशा डब्यात हवाच.

एवढं वाचून क्रोशाच बरा असं वाटेल. पण एक गोष्ट क्रोशाला जमत नाही. त्याला डोळे लागतात. पुढचा खांब खालच्या ओळीतल्या कुठल्या घरात, म्हणजे भोकात, घालायचा ते दरवेळी बघावं लागतं. सुयांवरचं साधं सुलट विणकाम एकदा हातात बसलं की बोटं आपोआप चालतात, टाका आपणहून सुईच्या टोकाशी येतो. सासूबाईंचं शेवटचं वर्ष मी त्यांच्या पलंगाशी बसून काढलं. तेव्हा क्रोशा घेतला की त्या म्हणायच्या, "मान वर कर गं, माझ्याशी बोलतेयस की रुमालाशी?" मग मी सुया घेतल्या. त्या वर्षात तीन मफलर झाले, तिन्ही नुसते सुलट, त्यांत बघण्यासारखं काही नाही. त्यांच्याकडे बघत विणता आलं, एवढंच. तुमच्या घरी बोलायला कुणी हवं असणारं म्हातारं माणूस असेल, तर हा मुद्दा बाकी सगळ्यांवर ठेवा.

आता कापडाचं. सुयांचं कापड लवचिक असतं, अंगाबरोबर ताणतं आणि परत येतं. एक सुलट एक उलट अशी बॉर्डर मनगटाला आणि कमरेला जशी धरते, तशी क्रोशाची कितीही केली तरी धरत नाही. म्हणून स्वेटर, मोजे, कानटोपी सुयांवर. (एक सावधगिरी: एक ओळ सुलट, एक ओळ उलट असं साधं विणलं तर कडा गुंडाळून येतात. पहिला मफलर नुसत्या सुलट टाक्यांचाच करा.) क्रोशाचं कापड जाड, आकार धरून ठेवणारं. पिशवी, बटवा, तोरण, चौरंगावरचा रुमाल, शिवाय हल्ली मुलींना वेड लागलंय ती अमिगुरुमीची जपानी बाहुली, हे सगळं क्रोशाचं राज्य. घरात साठलेल्या उरल्यासुरल्या लोकरीचे चौकोन करून जोडायचे असतील, तरी क्रोशाच.

क्रोशा वेगानं वाढतो पण लोकर जास्त खातो. एकाच लोकरीचे, एकाच मापाचे दोन तुकडे करून वजन काट्यावर ठेवून बघा, फरक दिसतो. आणि लोकर घेताना, मग काहीही विणा, लागेल त्याहून एक गुंडा जास्त आणि सगळे एकाच लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले, घ्या. पंधरा दिवसांनी तोच रंग आणायला गेलात तर तो तोच नसतो. माझ्या एका स्वेटरची डावी बाही अजून उन्हात वेगळी दिसते.

पुण्यात एक प्रश्न जास्तीचा पडतो: इथे लोकर घालणार किती दिवस? डिसेंबर-जानेवारीतल्या पहाटे पारा दहाच्या खाली जातो खरा, पण दुपारी बारा वाजता तोच माणूस स्वेटर कमरेला बांधून फिरतो. भर उन्हाळ्यात मांडीवर लोकरीचा ढीग घेऊन बसवतही नाही. क्रोशा सुती दोऱ्यावर बारा महिने चालतो. बारीक दोऱ्याला दोन मिलिमीटरच्या आतली स्टीलची सुई, लोकरीला जाड ॲल्युमिनियमची. रविवार पेठ-तुळशीबाग भागात दोन्ही मिळतात, आणि सुरुवातीला एकच सुई पुरते. सुयांचं तसं नाही, मापामापानं जोड्या वाढत जातात.

अवजारांचंच निघालंय म्हणून सांगते. माझ्याकडे पाच सुयांचा एक संच आहे, सायकलच्या तारांचा. सासरे खडकीच्या कारखान्यात सायकलनं जायचे. जुन्या चाकाच्या तारा दोन्ही टोकांना कापून, कानशीनं घासून, सासूबाईंच्या गालावर टोचत नाहीत ना हे बघून त्यांनी त्या केल्या होत्या. सायकलची तार साधारण दोन मिलिमीटर जाड असते, म्हणजे बारीक लोकरीच्या मोज्यांना हवी तेवढीच. चार सुयांवर टाके, पाचवीनं विणायचं, मोजा बिनशिवणीचा गोल उतरतो. आता त्यांच्यावरचा मुलामा गेलाय. पावसाळ्यात गंज धरू नये म्हणून मशिनच्या तेलाचं बोट लावून ठेवते आणि विणायच्या आधी पुसून घेते. बांबूच्या गुळगुळीत सुया, वायरवाल्या सर्क्युलर सुया सगळं घरात आहे, आणि खरं सांगायचं तर खांदे दुखत असतील तर सर्क्युलरच घ्या, कारण सगळं वजन मांडीवर पडतं. क्रोशात तेच तेच मनगट वळतं, तिथे जाड मुठीची सुई बरी. पण मोजे विणायला माझा हात त्या तारांकडेच जातो.

मोबाईलवर बघून शिकणार असाल तर नावांनी गोंधळ होतो. आपली साखळी म्हणजे चेन, हे सरळ आहे. आपल्या मुक्या खांबाला, म्हणजे बुटक्या टाक्याला, अमेरिकन लोक सिंगल क्रोशे म्हणतात आणि ब्रिटिश त्यालाच डबल. आपला खांब अमेरिकनांचा डबल, ब्रिटिशांचा ट्रेबल. नमुना कुठला ते आधी बघा, नाहीतर रुमाल दुप्पट उंच होतो. सुयांचंही तसंच. आईच्या जुन्या डब्यातल्या सुयांवर ब्रिटिश नंबर असतात: ८ नंबर म्हणजे चार मिलिमीटर, १० म्हणजे सव्वातीन, आकडा वाढला की सुई बारीक. अमेरिकन ८ नंबर पाच मिलिमीटरचा असतो. मिलिमीटर बघून घेतलं की भांडण मिटतं. डावखुऱ्या असाल तर शिकवणारीच्या शेजारी बसू नका, समोर बसा, आरशात बघितल्यासारखं.

विकायचा विचार असेल तर एक सांगते. सुयांचं विणकाम यंत्राला फार पूर्वी जमलं, १५८९ साली विल्यम ली नावाच्या इंग्रजानं मोज्यांचं यंत्र केलं. खऱ्या क्रोशाचं यंत्र मात्र अजून बाजारात नाही. दुकानात टांगलेला क्रोशाचा टॉप एकतर कुणाच्या तरी हातचा असतो, नाहीतर क्रोशासारखा दिसणारा दुसराच काही प्रकार. तेव्हा भाव सांगताना लाजू नका.

राहिला बाळंतविडा. बाळाच्या पांघरुणाला जाळीचा क्रोशा नको, बाळाची बोटं भोकांत अडकतात. मोज्यांची आणि हातमोज्यांची आतली बाजू उलटी करून बघायची, सुटा दोरा राहिला तर तो बोटाला आवळतो. अंगाला टोचणारी लोकर गालावर लावून पारखायची. मणी, टिकल्या, लांब बंद, काही नाही. अंगात घालायचं ते सुयांवरचं चांगलं, पण तीन महिन्यांत सुया शिकून बाळाचा स्वेटर पुरा होईल असं मी कुणाला सांगणार नाही. तेवढ्या वेळात क्रोशाच्या दोन टोप्या आणि घट्ट मुक्या खांबांचं एक दुपटं आरामात होतं.

म्हणून तिला क्रोशा सांगितला. नोकरी, दवाखान्यातली बाकडी, डोहाळजेवणाची गडबड, तिचा दिवस तुकड्यातुकड्यांचा आहे. शनिवारी घरी आली, साखळी शिकली, पहिली टोपी कपबशीतल्या बशीसारखी सपाट झाली, उसवली, परत केली. जाताना डब्यातल्या तारा बघून म्हणाली, "मामी, ह्या किती गोड आहेत." मी झाकण लावलं. मोजे विणायला बसेल तेव्हा बघू.